कान कान कान!

अहो, ऐका! आधी ऐका, मग हसा! मी पक्षी शोधत होते. रेल्वे स्टेशनात. चांगली अकरा मिनिटं!

झालं असं, की टोकियोत येऊन मला तिसराच दिवस होता. वर्षभर भाषा शिकायला आलेय, खोली मिळालीय ताकादानोबाबा नावाच्या स्टेशनजवळ. (आजीला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाली, ‘‘तिकडे जाऊन कुठल्या बाबाच्या नादी लागलीस गं?’’ अगं आजी, ‘बाबा’ म्हणजे घोडे फिरवायचं मैदान! पण इथली कॉलेजची पोरंही स्टेशनाला लाडानं नुसतं ‘बाबा’ म्हणतात, त्यामुळे मीसुद्धा आता रोज बाबाला चढते आणि बाबाला उतरते.) त्या दिवशी गाडी बदलायला एका भलत्याच स्टेशनात उतरले आणि जिन्यापाशी पक्षी गायला लागला. काय गोड! बारीक, पहाटेचा आवाज! मी डोंबिवलीची. आमच्याकडे स्टेशनातला पक्षी म्हणजे कबुतर, आणि ते गात नाही, ते डोक्यावर करतं! म्हणून मी मान वर करून छत धुंडाळायला लागले, आणि मग वाटलं खांबामागे असेल म्हणून खांबाला प्रदक्षिणा घातली, आणि मग आवाज परत जिन्याकडून आला म्हणून उलटी धावले, आणि मग फोन उंच धरून रेकॉर्डिंग करत पुतळ्यासारखी उभी राहिले, आणि मग माझ्या बुटावर काहीतरी टक्‌कन वाजलं.

पांढरी काठी!

एक आजोबा होते. आणि मी बरोब्बर त्यांच्या वाटेत, जमिनीवरच्या त्या पिवळ्या, उठाव असलेल्या फरशांवर ठाण मांडून! ‘‘सुमिमासेन, सुमिमासेन!’’ माफी मागत इतकी वाकले की खिशातली चिल्लर खळाखळा सांडली. आजोबांनी विचारलं, काय चाललंय? मी मोडक्या जपानीत सांगितलं, पक्षी शोधतेय. ते हसले. मनापासून, मान मागे टाकून हसले! आणि मग त्यांनी काठीचं टोक सावकाश वर नेलं आणि अचूक एका जागी रोखलं. स्पीकर! राखाडी, डब्याएवढा, काडीचाही देखणा नसलेला स्पीकर! ‘‘तो माझा पक्षी,’’ म्हणाले. ‘‘जिना कुठे आहे ते सांगतो.’’

जिना सांगणारा पक्षी! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! ज्याला दिसत नाही त्याला जिना ऐकू यावा म्हणून फलाटावर पक्षी बोलतो! आणि तिकिटांच्या गेटपाशी थोड्या थोड्या वेळानं ‘पिंऽऽग-पाँऽऽग’ वाजतं ना (तुम्ही आलात की ऐकालच), मला वाटायचं रोज कुणाचं तरी तिकीट अडकतंय, बिच्चारा! तर तेही तेच! माणूस बसलेलं गेट इकडे आहे, इकडे या, असं ते सांगतं! आणि मग कळलं की आमच्या बाबाला पांढऱ्या काठ्या इतक्या का दिसतात. स्वतः दृष्टी गमावलेल्या काझुओ होन्मांनी १९४० साली सुरू केलेली जपानची ब्रेल लायब्ररी आमच्या बाबालाच आहे! मी तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून तीन दिवस दूध आणायला जात होते आणि मला पत्ता नव्हता!

तर त्या टक्‌पासून मला वेड लागलंय. तीन महिने झाले, उतरलेलं नाही. इथेच जाहीर करून टाकते की मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. कोमल निषाद रस्त्यात भेटला तरी ओळखणार नाही. पण कान आहेत! दोन आहेत! आणि या शहरात त्यांना एवढं काम आहे, एवढं काम आहे की विचारू नका!

सिग्नलचंच बघा. चौकात रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा लागला की एका दिशेला पिल्लू ओरडतं, ‘पियो, पियो’. आडव्या दिशेला कोकिळेची परदेशी बहीण, ‘काक्को, काक्को’. पहिल्या दिवशी मला ‘काकू, काकू’ ऐकू आलं आणि मी वळून बघितलं! चोवीस वर्षांची आहे हो मी! आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ सांगतो, इथे सिग्नल ‘चालते व्हा’ सांगतो! पण खरी गंमत पुढे आहे. रस्त्याच्या या टोकाचा स्पीकर म्हणतो ‘पियो’, आणि मग समोरच्या टोकाचा म्हणतो ‘पियो-पियो’. एकदा हा, एकदा तो. दोघं एकदम कधीच बोलत नाहीत! म्हणजे समोरच्या आवाजाकडे चालत राहिलं की माणूस सरळ पलीकडे पोचतो! किती साधं! आणि किती डोकेबाज!

साहजिकच मला ते करून बघायचं होतं. शेजारच्या खोलीत काठमांडूची एक मुलगी राहते, तिला रविवारी सकाळी झोपेतून उठवलं, छोट्याशा चौकात नेलं, तिला म्हटलं माझं कोपर धर पण ओढू नकोस, आणि मग डोळे घट्ट मिटले. पियो. पियो-पियो. पहिली पाच पावलं अगदी महाराणीसारखी! आणि मग मागचा आवाज पुढचा वाटायला लागला, आणि मग एक सायकल सुळ्‌कन गेली, आणि मग पाय आपोआप वाकडे पडायला लागले, आणि मग मी कशाला तरी धडकले आणि म्हटलं ‘‘सुमिमासेन!’’ डोळे उघडले. शीतपेयांचं मशीन होतं. काठमांडू रस्त्यात बसून हसत होती. आजोबा हे रोज करतात, एका हातात पिशवी घेऊन!

हे सगळं ऐकू येतं कारण हॉर्न नाही. नाहीच! पहिल्या आठवड्यात मला कानात कापूस घातल्यासारखं वाटायचं. लोकल खच्चून भरलेली, आपल्या आठ-चौदाच्या कर्जत फास्टसारखी, आणि डब्यात एक शब्द नाही! फोनवर कुणी बोलत नाही. भांडण नाही, भजनी मंडळ नाही, ‘जरा सरका की’ नाही! मला गुदमरायला व्हायचं. आणि मग त्या शांततेत हळूहळू एकेक आवाज वर यायला लागला, भिजत घातलेल्या मटकीला मोड येतात तसा.

आणि सगळ्यात पहिला कोण? घराजवळचं रेल्वे फाटक! आमच्या मागून सेइबू कंपनीची लाइन जाते. दांडी खाली यायला लागली की लाल दिवे आळीपाळीनं उघडझाप करतात आणि घंटा वाजते. तो आवाज जपानी लोक कसा लिहितात माहितेय? ‘कान कान कान कान’! शप्पथ! जपानीत त्याचा अर्थ काही नाही, नुसती घंटेची नक्कल. पण मला मराठीत ऐकू येतं ना! दिवसातून दीडदोनशे वेळा एक फाटक माझ्यावर ओरडतंय: कान! कान! कान! अगं हो, देतेय की!

आता गाड्यांकडे या. इथे जरा बसा, कारण मी इथेच सगळ्यात जास्त वाहवत गेलेय.

यामानोते म्हणजे टोकियोतली गोल फिरणारी लाइन. ३० स्टेशनं, एक फेरी साधारण तासाभराची. गाडी सुटायच्या आधी पूर्वी कर्कश घंटा वाजायची. १९८९ मध्ये जेआर या रेल्वे कंपनीनं शिंजुकू आणि शिबुया या दोन स्टेशनांवर तिच्या जागी गोड सुरावट लावली, आणि ते लोण पसरलं. आणि मग काही स्टेशनांना स्वतःची खास धून मिळाली! आमच्या बाबाला कुठली? अ‍ॅस्ट्रो बॉयची! का, तर चित्रकार ओसामू तेझुकांच्या कॉमिकमध्ये तो यंत्रमुलगा जन्मतो ७ एप्रिल २००३ रोजी, ताकादानोबाबातल्या विज्ञान मंत्रालयात! कॉमिक आलं १९५२ मध्ये! खरोखरचं २००३ साल उजाडलं तेव्हा स्टेशनानं त्याची धून लावली. म्हणजे एका काल्पनिक बाळाचं बारसं रेल्वेनं घातलं! मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘आणि आमच्या पाच नंबर फलाटावर अजून पंखा लागत नाही.’’

एबिसु स्टेशनावर ‘द थर्ड मॅन’ या १९४९च्या सिनेमातली धून वाजते. व्हिएन्नातला सिनेमा टोकियोत कशाला? तर ती एबिसु बीअरच्या जाहिरातीत होती म्हणून! आणि स्टेशनाचं नावच मुळी बीअरवरून पडलंय, बीअरचं नाव स्टेशनावरून नव्हे! कोमागोमेला साकुराचं लोकगीत, कारण सोमेइयोशिनो जातीची चेरीची झाडं जिथून देशभर गेली ते सोमेइ गाव तिथलंच. बऱ्याच स्टेशनांवर एका दिशेच्या गाडीची सूचना पुरुषाच्या आवाजात आणि उलट दिशेची बाईच्या! म्हणजे डुलकीतून दचकून उठलेल्या माणसालाही आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत हे कळावं. मला तरी कळत नाही, पण ते माझं कर्तृत्व.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. धून नेहमी अर्धवटच तुटते. सात सेकंदांची तर असते, आणि तीही पूर्ण होऊ देत नाहीत! मी एकदा फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि बघितलं. गार्ड डब्यातून उतरतो, खांबावरच्या छोट्या पेटीतलं बटण दाबतो, धून सुरू होते, तो फलाटभर नजर फिरवतो, लोक चढले असं वाटलं की बटण बंद करतो. खल्लास! बटण बंद की गाणं मेलं! आपल्या लोकलचा गार्ड मोटरमनला टिंग-टिंग देतो ना, तसंच, फक्त इथे टिंग-टिंगला चाल लावलीय. त्या दिवशी पूर्ण धून ऐकल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून मी सहा गाड्या सोडल्या. सातव्या गाडीला एक चाकवाली बॅग दारात अडकली, आणि मग गार्डनं बटण बंदच केलं नाही, आणि मग धून पूर्ण झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली! मी टाळ्या वाजवल्या. वर्गात उशिरा पोचले. सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, कारण विचारलं. ‘‘गाणं संपलं नव्हतं,’’ मी म्हणाले. सेन्सेई काही बोलल्या नाहीत; वहीत मात्र काहीतरी लिहिलं.

आणि घाई का करतेय तेही सांगते! जेआरचा बेत असा आहे की २०३० पर्यंत यामानोतेवर एकट्या ड्रायव्हरनं गाडी चालवायची. गार्ड नाही तर बटण कोण दाबणार? ज्या लाइनींवर हे आधीच झालंय, तिथे काही ठिकाणी आता गाडीतूनच एक सरसकट धून वाजते आणि स्टेशनाची स्वतःची धून गेली. म्हणून पटापट या म्हणतेय!

भुयारातली तोझाइ लाइन तर अजून भारी. मिनोरू मुकाइया हे कासिओपिया बँडचे माजी कीबोर्डवाले. त्यांनी २०१५ मध्ये तिच्या धुना अशा बांधल्या की एका दिशेची स्टेशनं ओळीनं जोडली की सलग एक गाणं होतं! मी अर्थातच उतरत-चढत रेकॉर्डिंग केलं, फोनवर जोडलं, आणि जे तयार झालं ते ऐकून काठमांडू म्हणाली, मिक्सरमध्ये कोणी चमचा विसरलंय का?

बाकीचं भराभर सांगते, नाहीतर रात्र होईल. दुकानाचं दार उघडलं की धून. आंघोळीचं पाणी तापलं की आधी धून आणि मग भिंतीतली बाई सांगते, पाणी तयार आहे! (मी पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून तिला ‘‘थँक्यू’’ म्हटलं.) आणि संडासात, आता हसू नका, संडासात बटण दाबलं की पाणी वाहिल्याचा खोटा आवाज येतो! बायका आपला आवाज लपवायला उगाच पाणी सोडायच्या, ते वाचावं म्हणून टोटो कंपनीनं १९८८ मध्ये हे यंत्र काढलं. आणि सगळी लाज तिथेच संपते, कारण त्याच बायका समोरच्या रामेनच्या दुकानात जे भुरके मारतात! झुरुझुरु! आमचे आजोबा आमटीचा भुरका मारायचे तर आजी डोळे वटारायची. आजोबांचा जन्म चुकीच्या देशात झाला!

झुरुझुरु म्हणजे भुरका. ही भाषा मला आवडायला लागली ती अशी, शब्दांच्या मागच्या दारानं! पाऊस झाझा पडला तर धो धो, शितोशितो पडला तर रिमझिम. छाती दोकिदोकि करते, आपली धडधडते. मांजर गोरोगोरो करतं, आपलं गुरगुरतं, आणि ढगही गोरोगोरोच, आणि सुट्टीत अंथरुणात लोळणंसुद्धा गोरोगोरो! व्याकरणात मी अजून रांगतेय, पण हे शब्द आले की वर्गातल्या जर्मन मुलाचा चेहरा पडतो आणि माझा उजळतो. आपण तर जन्मल्यापासून खळखळ, कुरकुर, चुळबुळ, फडफड करत आलोय! एकच शब्द ऐकून मात्र मी गप्प झाले. शीऽऽन. तो शांततेचा आवाज! कॉमिकमध्ये कुणीच काही बोलत नसेल तिथे चित्रात मोठ्या अक्षरांत लिहितात, शीऽऽन! आवाज नसल्याचाही आवाज लिहितात हो ही माणसं!

संध्याकाळी गल्लीतल्या खांबांवरचे भोंगे गातात. बऱ्याच भागांत पाच वाजता, थंडीत काही ठिकाणी साडेचारलाच. ‘युयाके कोयाके’, मावळतीचं जुनं बालगीत, शंभर वर्षांपूर्वीचं. मुलांनो, घरी चला! आपलं ‘सातच्या आत घरात’, तसं यांचं पाचच्या आत! मला पहिल्यांदा ते ऐकून इतकं भरून आलं की मी बाकावर बसले आणि अर्धा किलो संत्री खाल्ली. आणि मग वर्गात कळलं, की हे भोंगे आहेत भूकंप-वादळाची सूचना द्यायला, आणि रोजचं गाणं म्हणजे ते चालू आहेत ना याची तपासणी! ऑक्टोबरात एकदा खरंच झालं. वर्गातले सगळे फोन एकदम ओरडले, ‘‘ब्वी ब्वी ब्वी! जिशिन देस!’’ भूकंप आहे! सेन्सेईंनी खडू खाली ठेवला आणि शांतपणे दार उघडून धरलं. दिवे हलले, थांबले. फोनमधला तो आवाज घडवणारे ताकाशी कोकुबो एरवी काय करतात? जंगलाचे, पाण्याचे, झोप लागेल असे आवाज करतात! त्या दिवसानंतर त्यांचं पाणी ऐकूनही मी ताठ बसते.

आणि आता डिसेंबरात रात्री काठ्या वाजतात. लाकडाचे दोन ठोकळे, काच्‌-काच्‌, आणि मग आरोळी, ‘‘हि नो योऽऽजिन!’’ आग सांभाळा! मोहल्ल्यातलीच माणसं, कंदील घेऊन, लहान पोरांनाही बरोबर घेऊन फिरतात. आमच्या सोसायटीचा गुरखा काठी आपटत शिट्टी मारत जायचा ना, अगदी तसं! काठमांडूला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘तो आमच्याकडचाच असणार.’’ आम्ही दोघी खिडकीत बराच वेळ उभ्या होतो.

वेडी मी एकटीच नाही याचा पुरावा पण आहे! १९९६ मध्ये जपानच्या पर्यावरण खात्यानं देशातले १०० आवाज निवडून यादी केली. सरकारनं! आवाजांची! ओखोत्स्क समुद्रावरच्या तरंगत्या बर्फाचा आवाज त्यात आहे, ओइगावा रेल्वेचं वाफेचं इंजिन आहे, आमच्या टोकियोतल्या उएनोची जुनी वेळेची घंटा आहे. ती अजून दिवसातून तीनदा वाजते, सहा, बारा, सहा. सकाळच्या सहाला मी दोनदा गजर लावलाय. दोन्ही वेळा फक्त गजर ऐकला. ३१ डिसेंबरला देवळांत १०८ ठोके (जपमाळेतले मणी मोजा!), आणि त्याच मध्यरात्री योकोहामाच्या बंदरात सगळी जहाजं एकदम भोंगे वाजवतात, आणि तेही यादीत आहे! दोन्ही एकाच वेळी! मी करू काय?

पण राहिला होता एक. तोफूवाला.

दोनदा ऐकला होता. लांबून, संध्याकाळी, दोन सुरांचा पत्र्याचा भोंगा, तोऽऽ-फूऽऽ. गोव्याला मावशीकडे सकाळी सायकलवरच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकून जशी मी उठायचे तशी दोन्ही वेळा उठून पळाले, आणि दोन्ही वेळा गल्ली रिकामी! काल तिसऱ्यांदा आला. मी एका पायात चप्पल, हातात आईनं बॅगेत कोंबलेला स्टीलचा डबा, तीन जिने, फाटक (कान कान कान, नेमकं तेव्हाच!), दांडी वर जाईपर्यंत जागच्या जागी नाचले, आणि मग कोपऱ्यावर दिसले! हातगाडी, रबरी बूट, सत्तरीचे असतील. धापा टाकत डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, कडीचा आवाज ऐकला आणि पुन्हा एकदा उघडून बंद केलं! ‘‘चांगला आवाज आहे,’’ म्हणाले. मग पाण्यात हात घालून तळव्यावर तोफू उचलला आणि डब्यात सरकवला. एक कोपरा दुमडला. विचारलं, भोंगा वाजवून दाखवाल? त्यांनी ओठांना लावला. फुंकताना एक सूर, श्वास आत ओढताना दुसरा! एकाच पत्र्याच्या नळीतून! माझ्यासाठी तीनदा वाजवला. मी फोन धरून श्वास रोखून उभी.

घरी येऊन बघितलं. रेकॉर्डिंग नव्हतंच. मी टॉर्च लावला होता. तीनदा वाजवलं त्यांनी, डोळ्यावर झगझगीत उजेड घेऊन, आणि एका शब्दानं बोलले नाहीत!

रविवारी परत येणार आहेत. येताय ना? येताना डबा आणा. कडीचा.